किला गेटवर न तुटलेला कॉल

मावशीचं माहेर ग्वाल्हेरचं. नाशिकला तिच्या खुब्याचं हाड मोडलं, ती अंथरुणाला खिळली, आणि मी तोंड वर करून सांगून बसले, "मी जाते, तू फोनवरून किल्ला चढ." फोन वाय-फाय सोडून मोबाइल नेटवर्कवर जाताना बोलणं तुटू नये, याच्या चाचण्या घेणं ही माझी नोकरी. त्यामुळे ऐट होतीच.

पुण्याहून थेट गाडी आहे, पण जवळजवळ अख्खा दिवस जातो, तेव्हा डबा न्या. हॉटेलं सिटी सेंटरला बरी मिळतात; मी मात्र किला गेटजवळ मामेभाऊ शेखरकडे उतरले. शक्यतो थंडीत जा. सकाळी गरम बेडई, म्हणजे डाळ भरलेली पुरी, आणि बटाट्याची तिखट भाजी खाल्ली की दुपारपर्यंत बघायला नको. या बाजूने किल्ल्यावर चालतच जायचं. गाड्या दुसऱ्या बाजूच्या उरवाई दरवाजाकडून चढतात.

न्याहारीपासूनच मावशी व्हिडिओवर होती. बेडई दाखव, गल्ली दाखव, वहिनीची साडी दाखव. माझा हात भरून आला होता. मी आणि शेखर घराबाहेर पडलो, वाय-फाय सुटलं आणि पडद्यावरचा तिचा चेहरा थिजला. कॉल कटला असं समजून मी फोन पर्समध्ये टाकला.

"सुटले बाई," मी शेखरला म्हणाले. "सकाळपासून हे दाखव, ते दाखव. तिला काय, पडून बघायचंय. पाय माझे मोडतायत."

शेखरने पर्सकडे बोट दाखवलं. मग हळूच म्हणाला, "ताई, कॉल तो चल रहा है. आवाज येऊन राहिलाय."

पर्समधून मावशी बोलत होती. "मंजू, दमलीस गं. राहू दे आता." आणि तिनेच फोन ठेवला.

नेटवर्क कमजोर पडलं की चित्र सोडायचं, पण आवाज धरून ठेवायचा. हेच तर मी रोज तपासते, नव्या लोकांना शिकवते. फोनने आपलं काम चोख केलं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

चढ तसा सोपा आहे, रस्ता रुंद आहे, पाणी मात्र बरोबर ठेवा. वरच्या मानमंदिर महालाच्या भिंतीवरची निळ्या-पिवळ्या रंगातली बदकं फार सुंदर आहेत म्हणतात. मी त्यांच्यासमोर उभी राहून, फोन लावू की नको, एवढाच विचार करत होते. शेवटी लावला.

"मघाशी नेटवर्कच गेलं गं," मी म्हणाले. माफी मागायची सोडून हे बोलले.

"हो का," ती म्हणाली. "नीट उतर. शेखरचा हात धर."

परतताना तिथली तिळाची गजक घेऊन नाशिकला गेले. तिथे मात्र खरं बोलले, माफी मागितली. "अगं, चुकीचं काय बोललीस," म्हणत तिने गजकचा तुकडा माझ्याच हातावर ठेवला. फोटो सगळे पाहिले, कौतुकही केलं. पण 'हे दाखव' एकदाही म्हणाली नाही.

ग्वाल्हेरला जरूर जा, किल्ला पाहण्यासारखा आहे. मला विचाराल तर तो मला फारसा आठवत नाही. हल्ली मावशीला फोन केला की मीच विचारते, व्हिडिओ लावू का.

"नको गं," ती म्हणते, "आवाज पुरे."