वय काढणारं फंक्शन

ग्वाक मालसुक कोरियातल्या गुनसानच्या बाजारात माझ्या शेजारच्या गाळ्यावर सुकी मासळी विकायची. तिच्या ओळखपत्रावर जन्मसाल १९६३, माझं १९६४. वर्षाने का होईना मोठी, म्हणून तीस वर्षं मी तिला ताई म्हटलं. जेवायला बसलो की तिने चमचा उचलेपर्यंत मी माझ्या सूपला हात लावला नाही.

गुडघे गेल्यावर तिने गाळा सोडला आणि वाचनालयातल्या प्रोग्रामिंगच्या वर्गात नाव घातलं. मलाही ओढलं. मला त्यातलं ओ की ठो कळेना. कीबोर्डवर टाकलेला आकडा मशीनला नुसतं अक्षरच वाटतो, आधी त्याची संख्या करावी लागते, मग वजाबाकी. हे मी रोज विसरायचे. मालसुक न बोलता हात पुढे करून दुरुस्त करायची.

शिकवणारे तक सर तिला म्हणाले, पुढच्या वर्गाला मदतनीस घ्यायचाय, तुम्हीच अर्ज करा. त्या बाईने जन्मात स्वतःसाठी काही मागितलं असेल तर ही एक जागा.

मंगळवारी वरून नियम आला, साठीच्या वरचे नकोत. अर्जाचा प्रोग्राम वर्गानेच लिहायचा होता, आणि सरांनी वय काढायचा तुकडा, ज्याला फंक्शन म्हणतात, तो नेमका तिच्याकडे दिला. तिचं वय त्यांना ठाऊक नव्हतं, हिनेही तोंड उघडलं नाही. माझा नुसता जळफळाट झाला. हिने मात्र शांतपणे लिहिलं: जन्मसाल विचारायचं, कुणी भलतंच टाकलं तर पुन्हा विचारायचं, २०२४ मधून वजा करायचं, साठीच्या वर गेलं तर नकार द्यायचा.

लिहून झाल्यावर तिने १९६५ टाकलं. वय ५९, अर्ज स्वीकारला.

"ताई, चुकलीस. त्रेसष्ट साल ना तुझं?"

"ते बहिणीचं," ती म्हणाली, दर सांगावा तशी.

मग कळलं. थोरली मालसुक दीड वर्षाची होऊन गेली. बापाने मृत्यू नोंदवलाच नाही. पुढे ही झाली, तर तोच दाखला आणि तेच नाव हिला लावून टाकलं. घरात हिला नुसतंच बाळी म्हणायचे.

"म्हणजे तू माझ्याहून लहान? आणि मी मेली तीस वर्षं ताई ताई करत बसले!"

तिला हसू आलं नाही. मग मलाही आलं नाही. कोर्टात जा म्हटलं, कागद बदलून घे. तर म्हणे, शाळेत तोच कागद, लग्नात तोच. साक्ष द्यायला आई होती, ती गेली.

"मग पासष्ट सालच ठेव. मशीनला काय कळतंय?"

"मशीनला नाही कळत. नंतर ओळखपत्र बघतात."

तिने १९६३ टाकलं. पडद्यावर तिनेच लिहिलेली ओळ आली: आपलं वय मर्यादेबाहेर आहे, धन्यवाद. धन्यवाद हवंच, असं सर म्हणाले होते. मला रडू फुटलं. ती चष्मा पुसत होती.

"बरोबर चालतंय," ती म्हणाली. कॉम्प्युटर बंद केला, पिशवी उचलली आणि म्हणाली,

"नीट चालतासुद्धा येत नव्हतं गं तिला. साठी उलटली की तिची."