एक टोपली, साडेचार टोपल्या

थोरलीच्या टाचेला डोळे आहेत, असं खाडीवरच्या बायका म्हणत. ओहोटीला चिखलात उतरली की दोन पावलांत सांगायची, "इथं आहेत. तिकडं जाऊ नका, बारक्या आहेत, वाढू द्या." सासूनं तिला लग्नाच्या दुसऱ्याच आठवड्यात शिंपल्या काढायला नेलं, त्याला एकतीस वर्षं झाली. पुढं नवऱ्याची कंबर बोटीवर मोडली, तो खाटेला खिळला, आणि घर त्या चिखलावरच चालू लागलं. अकरा बायकांत थोरली पहिल्या नंबरची, हे सगळ्यांना मान्य होतं, एक तिची धाकटी जाऊ सोडून. दोघींची भिंत एक, आणि धुसफूस बारमाही.

एका सकाळी विद्यापीठातली एक मुलगी आली. शिंपल्यांवर प्रबंध लिहायचा होता तिला: खाडीत किती आहेत, किती काढल्या जातात, किती वर्षं पुरतील. पोरगी गुणी होती. पहिल्याच दिवशी रबरी बुटांसकट चिखलात रुतली, तेव्हा थोरलीनंच तिला बखोटीला धरून उपटून काढलं आणि दोघींचं जमलं.

मग एक दिवस टोपल्या धुताना मुलीनं वही उघडली. "मावशी, रोज किती टोपल्या निघतात तुम्हाला?"

खरं उत्तर होतं, एक. तीही काठोकाठ नाही. पण हातभर अंतरावर धाकटी कान टवकारून बसली होती.

"चार," थोरली म्हणाली.

"मला साडेचार," धाकटीनं मान वर न करता सांगितलं.

तिसरीला मग पाच सांगणं भागच होतं. अकराव्या बाईपर्यंत आकडा सातावर गेला. एवढ्या शिंपल्या त्या खाडीनं जन्मात पाहिल्या नसतील. मुलगी बिचारी लिहीत गेली. महिनाभर टोपल्यांचं वजन करायचं, असं तिनं आधी ठरवलं होतं, पण ओहोटीची आणि बसची वेळ जुळेना. तिचे सर म्हणाले, मुलाखती आहेत ना, पुरे. खाडीच्या तोंडाशी धक्का बांधल्यापासून शिंपल्या आटल्यात, हे अकरा जणींना पक्कं ठाऊक होतं. पण सात टोपल्या सांगितल्यावर आटल्यात कुठल्या तोंडानं म्हणणार?

दोन वर्षांनी खाडीवर पाटी लागली. या बायकांचा उपसा असाच चालला तर शिंपल्या संपतील, असं प्रबंधात गणित होतं, म्हणून सहा वर्षं काढायला मनाई. दुकानदारानं पाटी वाचून दाखवली, ती थोरलीनं त्याला पुन्हा एकदा वाचायला लावली. घरात दुसरं कमावणारं कोणी नव्हतं.

हरकती ऐकायला सभा भरली. टेबलामागं मच्छी खात्याचे साहेब, शेजारी ती मुलगी. आता तिला डॉक्टर म्हणत होते. थोरली उभी राहिली.

"साहेब, मी खोटं सांगितलं होतं. मला एकच टोपली मिळते. कित्येक वर्षं एकच."

दहा बायकांदेखत आपल्याच हातानं आपलं नाक कापून द्यावं, तसं तिला झालं. साहेब हसले. "मनाई आली की सगळ्यांनाच एक टोपली मिळायला लागते, बाई."

मुलगी पांढरीफटक पडली होती. तरी ती बोलली, तेवढं श्रेय तिला द्यायला हवं. "साहेब, बाकीच्यांनाही विचारू या. सगळ्यांनी तसंच सांगितलं तर फेरमोजणी करता येईल. चूक माझी असेल तर मी तसं लिहून देईन."

साहेबांनी विचारलं. बायका आपापल्या पायांकडं बघत राहिल्या. शेवटी धाकटी उठली. थोरलीच्या जिवात जीव आला.

"मला साडेचारच निघायच्या," धाकटी म्हणाली. "तिचा हात चालत नसेल आता पहिल्यासारखा."

कोणीतरी फिसकन हसलं. साहेबांनी फाइल मिटली आणि चहा मागवला.

थोरलीनं धाकटीला दाराबाहेर गाठलं. मुस्कटात भडकवायलाच निघाली होती, पण धाकटी ओक्साबोक्शी रडत होती.

"एकच म्हणायला उठले होते गं, जाऊबाई. सगळ्या बघायला लागल्या आणि तोंडातून साडेचार गेलं."

थोरलीनं हात खाली घेतला. तिला ते खरं वाटलं, आणि म्हणूनच जास्त लागलं. तिनं धाकटीचं मनगट पकडलं. "चल आत. साहेब चहा पितायत अजून. तुझं बघून बाकीच्या बोलतील. घरं उपाशी मरतील गं, तुझंपण. एकदाच म्हण."

धाकटीनं पदरानं डोळे पुसले. दारातून आतल्या नऊ जणींकडं पाहिलं.

"हसतील मला," ती म्हणाली, आणि मनगट सोडवून घराकडं चालू लागली.