ग्राहकाचा प्रतिसाद नाही

येरवड्यात आमचा प्रौढ साक्षरता वर्ग दर रविवारी भरतो. कादंबरीबाई त्या वर्गावर शिकवायला आल्या, तेव्हा त्यांची आणि माझी ओळख झाली. वयाने त्या आमच्या लेकी-सुनांएवढ्या आहेत. तरी आम्ही त्यांना बाई म्हणतो आणि त्या आम्हाला अहो-जाहो करतात. पुढील हकीकत त्यांनी वर्ग सुटल्यावर थोडी थोडी करून सांगितली. ती लिहिण्याची परवानगी मी त्यांच्याकडून घेतली आहे.

कादंबरीबाईंचे काम असे. मोठ्या व्यापाराला आपल्या सर्व ग्राहकांची माहिती एका जागी लागते. कोण आले, काय घेतले, काय बिघडले, कोणाला फोन करायचा राहिला, हे सगळे. त्यासाठी इंटरनेटवर तयार व्यवस्था भाड्याने मिळते. ती दुकानातल्या संगणकात नसते, दूरच्या मोठ्या यंत्रांवर चालते; तिला क्लाउड म्हणतात. हे काम भाड्याच्या घरासारखे आहे. भिंती हलवता येत नाहीत, परंतु फळ्या, खुंट्या आणि कड्या आपल्या सोयीने बसवता येतात. कोणती माहिती विचारायची, ती कोणाला दिसावी, कशानंतर आपोआप काय घडावे, हे ठरवून बसवून देणे म्हणजे कादंबरीबाईंची नोकरी.

ही नोकरी त्यांना सहज मिळालेली नव्हती. मूल लहान असताना त्यांनी पहिली नोकरी सोडली. परत निघाल्या तेव्हा मुलाखतीत प्रत्येक जण मधल्या वर्षांकडे बोट दाखवी. शेवटी रणजित नावाच्या जुन्या सहकाऱ्याने आपल्या हाताखाली घेतले, तेही परीक्षेच्या मुदतीवर. हाती घेतलेले काम नीट पार पडले तर नोकरी कायम, असे ठरले.

काम होते आप्पासाहेबांचे. आप्पासाहेबांच्या घराण्याची बिबवेवाडीला शेती होती. शहर वाढले, शेताच्या जागी इमारती आल्या. त्यांतल्या एका इमारतीत आप्पासाहेबांनी कानाच्या मशीनचे दुकान घातले आणि पाहता पाहता शहरभर शाखा काढल्या. मशीन विकली जात, पण बिघडलेल्या मशीनच्या तक्रारी तुंबून राहत. ती कोंडी कादंबरीबाईंनी मोकळी करायची होती.

त्यांनी मन लावून ती व्यवस्था बसवली. त्यात एक नियम घातला. तक्रार आली की दुकानातून ग्राहकाला फोन जावा. तीन वेळा फोन करूनही उचलला नाही, तर तक्रार आपोआप बंद व्हावी आणि कारणापुढे यावे, 'ग्राहकाचा प्रतिसाद नाही'. हा नियम त्यांनी आधीच्या नोकरीत मोटारगाड्या दुरुस्त करणाऱ्या कंपनीसाठी लिहिला होता आणि तिथे तो उत्तम चालला होता. गाडीवाला फोन उचलत नसेल तर त्याने गाडी दुसरीकडे दाखवली, असे खुशाल समजावे.

बिबवेवाडीच्या दुकानात काही आठवडे हे सुरू राहिले. तुंबलेल्या तक्रारी झरझर कमी झाल्या. बंद झालेली तक्रार तक्त्यात हिरवी दिसे, आणि तक्ता हिरवा होत गेला. रणजित खूश झाला.

"कादंबरी, नंबर्स बघ. मंडेला आप्पासाहेबांना दाखवू आणि सगळ्या ब्रँचेसमध्ये सुरू करू, गो-लाइव्ह. आता मध्येच काही लोचा नको."

"एकदा दुकानात बसून बघते. नम्रताला स्क्रीन सोपी जाते का ते."

नम्रता ही काउंटरवरची मुलगी. फोन तीच करत असे. कादंबरीबाई तिच्या शेजारी स्टुलावर बसल्या, तोच एक वृद्ध जोडपे आत आले. श्यामलाबाई आणि त्यांचे यजमान दीनानाथ, शनिवार पेठेतले. श्यामलाबाईंनी पिशवीतून मशीनची डबी काढून काउंटरवर ठेवली.

"हे दुरुस्तीला टाकायचं म्हणून नाव नोंदवून गेले होते. काय झालं त्याचं?"

नम्रताने पाहिले. "काकू, ती तक्रार बंद झाली आहे. आम्ही तीनदा फोन केला, काकांनी उचलला नाही."

श्यामलाबाईंनी डबी तिच्यापुढे सरकवली.

"उचलला नाही. बरोबर. सकाळी मी मुलीकडे असते, फोन यांच्या उशाशी असतो. बहिऱ्या माणसाला फोन केलात आणि तो उचलत नाही म्हणून त्याचं नाव काढलंत. आंधळ्यांचं दुकान असतं तर पत्रं पाठवली असतीत का?"

कादंबरीबाई उठून दीनानाथांना खुर्ची देऊ लागल्या. "काका, बसता का?"

"हो, हो," दीनानाथ हसून म्हणाले आणि उभेच राहिले.

"हो म्हणाले म्हणजे ऐकलं असं समजू नका," श्यामलाबाई म्हणाल्या. "हल्ली सगळ्यालाच हो म्हणतात. जेवलात का, हो. जेवलेले नसतात. संध्याकाळी बागेत मित्रांत जायचे, तेही सोडलं. नुसतं हसून हसून तोंड दुखतं म्हणतात."

नम्रताने तात्पुरते वापरायचे एक मशीन आणून दीनानाथांच्या कानात बसवले. त्यांचे हसू हळूहळू मावळले आणि चेहरा लक्ष देणाऱ्या माणसाचा झाला. त्यांनी वर पाहिले.

"पंख्याला तेल घाला," ते म्हणाले.

"अहो, दुकानात आल्यापासून कुरकुरतोय तो," श्यामलाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज मात्र बदलला होता.

ती दोघे गेल्यावर कादंबरीबाईंनी बंद झालेल्या तक्रारी उघडून पाहिल्या. नावापुढे नाव, आणि कारण एकच. तक्ता हिरवागार दिसत होता तो दुरुस्त्या झाल्यामुळे नव्हे. फोन वाजले होते आणि ज्यांच्यासाठी वाजले, त्यांनाच ते ऐकू आले नव्हते.

घरी जाताना त्यांच्या मनात एक सोपा मार्ग आला. नियम गुपचूप काढून टाकावा. कोणाच्या लक्षातही येणार नाही आणि नोकरी कायम होईल. परंतु बंद झालेली नावे बंदच राहतील. त्या नावांची माणसे पुन्हा तक्रार करायला येणार नाहीत. कुठेतरी खुर्चीत बसून सगळ्यांना हो म्हणत राहतील. ती नावे पुन्हा उघडायची तर का उघडायची, हे मालकाला सांगावेच लागणार होते. दीनानाथांचे हसू त्यांच्या डोळ्यांपुढून हलेना.

सोमवारी दुकानाच्या वरच्या खोलीत रणजितने भिंतीवर तक्ता लावला.

आप्पासाहेब म्हणाले, "हिरवं लई दिसतंय. बरं हाय."

"आप्पासाहेब, त्यातलं बरंचसं हिरवं बरोबर नाही," कादंबरीबाई म्हणाल्या.

रणजितने त्यांच्याकडे पाहिले. त्यांनी न थांबता सगळे सांगितले. फोन, नियम, शनिवार पेठेतले काका. बोलून झाल्यावर आप्पासाहेबांनी आपल्या टोपीची घडी नीट केली.

"म्हंजी मानूस ऐकू येत न्हाई म्हनून आपल्या दारात आला. आन आपन त्याला हाका मारल्या."

"हो."

"ओ दिली न्हाई म्हनून दार लावलं."

"हो."

"कुनी काढला ह्यो नियम?"

"मी."

"बरं," आप्पासाहेब म्हणाले. "आदी ती मानसं हुडका. बाकीच्या दुकानांचं मग बगू."

जिन्यात रणजित म्हणाला, "मला आधी सांगायला हवं होतंस."

"सांगितलं असतं तर मला बोलू दिलं असतंस?"

रणजितने खरे ते सांगितले. "आज तरी नसतं दिलं."

परीक्षेची मुदत आणखी वाढली. कादंबरीबाईंनी ते मान्य केले आणि कामाला लागल्या. तक्रार आपोआप बंद करणारा नियम गेला. आता माणसाने माणसाला भेटल्याखेरीज ती बंद होत नाही. तक्रार नोंदवण्याच्या पानावर त्यांनी एक नवा रकाना घातला: 'निरोप कोणाकडे द्यावा?' तो भरल्याशिवाय पान पुढे सरकत नाही. बंद झालेली सर्व नावे पुन्हा उघडली. ज्यांच्या घरी निरोप घेणारे कोणी नव्हते, त्यांच्या फोनवर लेखी संदेश पाठवायचे ठरले.

तो संदेश लिहिताना त्या अडल्या. रणजितने दिलेला मजकूर असा होता: 'आपली सेवा-विनंती प्रलंबित असून पुनर्सक्रिय करण्यात आली आहे.' तो बरोबर होता आणि त्यांना स्वतःला सहज कळत होता. पण आपण एकदा स्वतःच्या मापाने दुसऱ्याचे काम केले आहे, हे त्या विसरल्या नव्हत्या.

त्या रविवारी त्यांनी आम्हाला धडा दिला नाही. स्वतः तयार केलेला संदेश मोठ्या अक्षरांत फळ्यावर लिहिला, खडू खाली ठेवला आणि आमच्याकडे वळून म्हणाल्या:

"हे आपण एकेकाने मोठ्याने वाचून दाखवा. जिथे अडखळाल तिथे थांबा, पुढे जाऊ नका. तो शब्द मला काढायचा आहे."