बर्फाच्या कप्प्यातली भाकरी

आमच्या घरात भाकरी थापू शकतील असे हात फक्त माझे होते. आई नळावर पाय घसरून पडली, उजवं मनगट मोडलं आणि हाड वाकडंच जुळलं. बोटं चालायची, म्हणून विड्या वळणं थांबलं नाही. पण पिठावर तळहात दाबला की कळ पार खांद्यापर्यंत जायची. वडील गिरणीत. पोटाचं ऑपरेशन झाल्यापासून डॉक्टरांनी त्यांना कडक आणि शिळं बंद केलेलं. कडक भाकरी म्हणजे काय, हे सोलापुरात कुणाला सांगायला नको. वाळवून ठेवावी, लागेल तेव्हा आमटीत कुस्करावी. मी, आई आणि धाकटी भावंडं तीच खायचो. वडिलांच्या डब्यात मात्र रोज सकाळी मऊ भाकरी पाहिजे. आदल्या दिवशी करून ठेवावी तर सकाळपर्यंत ती वातड व्हायची, उन्हाळ्यात तर तिला आंबूस वास सुटायचा.

माझं कॉलेजही सकाळचं. चूल, पीठ, डबा उरकून मी भवानी पेठेतून धावत निघायचे आणि पोचेपर्यंत पहिल्या तासाची हजेरी होऊन गेलेली असायची. संक्रांतीनंतर एकदा सरांनी थांबवलं. म्हणाले, "हजेरी अशीच राहिली तर टर्म मिळणार नाही. मग परीक्षेला बसता येणार नाही."

घरी आल्यावर आईला टर्म म्हणजे काय ते आधी समजावून सांगावं लागलं. कॉलेजात गेलेली घरात मीच पहिली. सगळं ऐकून ती विडीच्या सुपाकडे बघत म्हणाली, "म्हंजे माझ्या मनगटापायी तुझं साल जाणार की."

हे बोलणं खाली मालकीणबाईंनी ऐकलं. आमची खोली त्यांच्या माडीवर होती. त्यांचे माग होते. घरात तेलुगू, आमच्याशी मराठी. गल्लीतला एकुलता एक फ्रिज त्यांच्याकडे. नातवंडांना चहाबरोबर ब्रेड लागायचा, म्हणून त्या आठवड्याचा ब्रेड एकदम आणून बर्फाच्या कप्प्यात ठेवायच्या. जिन्यातूनच त्यांनी आवाज दिला.

"अक्का, ब्रेड आठ दिवस ऱ्हातो. तुमची भाकरी का न्हाय ऱ्हाणार? रविवारी थापा आन् आणून ठेवा."

आईला ते पटेना. "बर्फात मढं ठेवत्यात मालकीणबाई, अन्न न्हाय."

"मग माझी नातवंडं रोज काय खात्यात?" त्या म्हणाल्या, आणि आईला हसू आवरेना.

त्या रविवारी मी भाकऱ्या थापल्या. मालकीणबाई देवळात गेल्या होत्या, सूनबाईंनी फ्रिज उघडून दिला. बर्फाच्या कप्प्याचं छोटं दार उघडलं तशी आतून पांढरी वाफ बाहेर आली आणि माझ्या हातावर उतरली. वाफ म्हणजे गरम, एवढंच मला तोवर ठाऊक. ही गार होती. बाहेर पत्रे तापून तडतडत होते आणि आतल्या भिंतींवर पिठासारखा बर्फ साचला होता. मी बोटानं तो खरवडून बघितला आणि पुन्हा बघितला. आई मागं उभी होती.

उन्हाळ्यात भाकरी मऊ राहावी म्हणून आमच्याकडे ती ओल्या फडक्यात बांधतात. आईनं तसंच केलं. फडकं चांगलं भिजवून, पिळून, भाकरी त्यात गुंडाळून गाठोडं आत सारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाठोडं निघेना. फडकं कप्प्याच्या बुडाला असं धरलं होतं, जणू तिथंच शिवलंय. आई वर जाऊन उलथणं घेऊन आली. ती ते आत घालणार, तेवढ्यात मालकीणबाईंनी तिचा हात धरला.

"अक्का, भोक पडलं तर आतला गॅस जाईल. मग फ्रिज न्हाय, कपाट हाय ते."

त्यांनी बटण बंद केलं. बर्फ सुटेपर्यंत आई जिन्यात बसून राहिली. गाठोडं निघालं तेव्हा भाकऱ्या पाणी पिऊन लगदा झालेल्या. शेजारच्या म्हशीनं त्या आनंदानं खाल्ल्या. वडील त्या दिवशी डब्यात केळी घेऊन गेले आणि माझाही पहिला तास बुडाला.

"आता न्हाय. दुसऱ्याच्या घरातली वस्तू मोडली आस्ती आपण," आई म्हणाली.

"मोडली न्हाय की," मालकीणबाई म्हणाल्या. "ब्रेडला मी कधी पाणी लावते का? बघा तरी, तो कशात ऱ्हातो." ब्रेडचा मेणकागद त्यांनी झटकून पुढं केला. असे बरेच कागद त्यांनी घडी घालून गादीखाली साठवले होते.

पुढच्या रविवारी भाकरी पूर्ण गार होऊ दिली, कोरड्या मेणकागदात एकेक गुंडाळली आणि ठेवली. खरंच टिकतात का ते बघेपर्यंत डब्याची भाकरी मी रोज सकाळी थापतच होते. गुरुवारी सकाळी त्यातली एक काढली. पाटीच्या तुकड्यासारखी. टिचकी मारली तर टक् आवाज आला. हे माणसानं खायचं, असं कुणालाही वाटलं नसतं. तवा तापवला, भाकरी टाकली, वरून पाण्याचा हबका मारला आणि झाकण ठेवलं. आम्ही दोघी चुलीपाशी बसून राहिलो.

झाकण काढलं आणि ज्वारीचा वास आला. नुकत्या थापलेल्या भाकरीचा. मी कड उचलली तर ती वाकली. मोडली नाही, वाकली. आईनं एक घास तोडला, तोंडात घोळवला. मग दुसरा तोडला.

"रविवारची हाय ही?"

"रविवारची."

"आपण झोपलो, उठलो, जेवलो, हितं एवढं ऊन पडलं. आन् हिला कायच कळलं न्हाय." तिनं भाकरीला हात लावला, लहान मुलाच्या कपाळाला लावतात तसा.

आणखी दोन तशाच गरम करून वडिलांच्या डब्यात दिल्या, त्यांना काही सांगितलं नव्हतं. संध्याकाळी रिकामा डबा ठेवत ते म्हणाले, "आज भाकरी लई मऊ हुती. पीठ बदललं का?" आईनं सांगितलं तेव्हा ते खाली गेले, मालकीणबाईंना विचारून त्यांनी कप्पा उघडायला लावला आणि वाफेत हात धरून उभे राहिले. गिरणीत उभा जन्म यंत्रांत गेलेला माणूस. वर येऊन एवढंच म्हणाले, "आत यंत्र हाय खरं, पर हे काम यंत्राचं वाटत न्हाय."

पुढं मी बरंच शिकले. गारठ्यात बुरशी का धरत नाही, हे मला आज नीट सांगता येतं. त्यानं त्या सकाळचं नवल कमी झालेलं नाही.

तेव्हापासून सकाळी भाकरी तव्यावर टाकण्यापुरतं काम राहिलं, आणि ते आई डाव्या हातानं करायची. पहिल्या तासाला मी पहिल्या बाकावर असायचे. मार्चमध्ये टर्म मिळालेल्यांची यादी लागली, त्यात मी होते. परीक्षेला बसले, पास झाले, पुढच्या वर्षी बी.ए. झाले.