वाण म्हणून दिलेल्या लिंक

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला प्लास्टिकचे डबे लुटायचा मला मनस्वी कंटाळा. घरात आधीच ढीगभर डबे, आणि एकाचं झाकण दुसऱ्याला बसेल तर शपथ. म्हणून एका वर्षी डोंबिवलीच्या गृहउद्योगवाल्या बायकांच्या ग्रुपवर मी सुचवलं, की यंदा वाण म्हणून लिंक द्यायची. प्रत्येकीने आपल्या वेबसाइटवर बाकी सगळ्यांच्या साइटचे पत्ते टाकायचे. एक साइट दुसरीचा पत्ता देते तेव्हा सर्च इंजिन ती शिफारस समजतं, आणि शिफारसी वाढल्या की साइट शोधात वर चढते, एवढं मला ऑफिसच्या कामामुळे माहीत होतं. अशी ठरवून केलेली देवाणघेवाण चालत नाही, हेही माहीत होतं. पण बायकांचं हळदीकुंकू तपासायला कोण बसलंय, असं मी स्वतःलाच समजावलं.

मला खरी काळजी होती मोठ्या जाऊबाईंची. त्या लग्नाचं रुखवत करून देतात. नऊवारी नेसवलेल्या सुपारीच्या बाहुल्या, रंगवलेल्या खोबऱ्याच्या वाट्या, मण्यांचं तुळशीवृंदावन, असं सगळं. मुलं मार्गी लागल्यावर, पंचावन्नाव्या वर्षी, त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या नावाचं काहीतरी सुरू केलं होतं. वेबसाइट मी करून दिली होती, आणि त्यांच्या वतीने ग्रुपवरही मीच होते. मी ठाण्यात कोपरीला, त्या डोंबिवलीत, आणि कॉम्प्युटरशी त्यांचं वाकडं. साइटचं काय चाललंय हे त्यांना माझ्याच तोंडून कळायचं.

बायकांनी कल्पना उचलून धरली. काय लिहायचं तेसुद्धा मीच टाइप करून पाठवलं, ‘डोंबिवलीतील सर्वोत्तम रुखवत’, आणि सगळ्यांनी ते जसंच्या तसं चिकटवलं. मसाल्याच्या साइटवर रुखवत, शिकवणीच्या साइटवर रुखवत, गुडघेदुखीच्या तेलाखाली रुखवत. मग कल्याणच्या ग्रुपने उचललं, ठाण्याच्या ग्रुपने उचललं. वाण घेतलं की द्यायला हवं, या हिशोबाने ज्यांना आम्ही कधी पाहिलंही नव्हतं त्यांनीही जाऊबाईंचा पत्ता लावला. उन्हाळ्यापर्यंत आमची साइट पहिल्या नंबरवर होती. जाऊबाई येईल त्याला सांगायच्या, “शोधलं की आधी मीच येते.” मी नुसती हसायचे.

नवरात्रात सर्च इंजिनची नोटीस आली. साइटकडे येणाऱ्या लिंक नैसर्गिक नाहीत, म्हणून कारवाई केली आहे, अशा अर्थाची. मी लगेच शोधून पाहिलं. पहिल्या पानावर नाही, पाचव्यावर नाही, कुठेच नाही. तुळशीचं लग्न झालं की मुहूर्त सुरू होणार, आणि रुखवत शोधणाऱ्या आयांच्या लेखी जाऊबाई अस्तित्वातच नव्हत्या. चार दिवस मी त्यांचा फोनच उचलला नाही, हे सांगायला आजही लाज वाटते.

पाचव्या दिवशी डोंबिवलीला गेले. त्या बाहुलीच्या पदराला गोंद लावत होत्या. मी सगळं सांगून टाकलं. त्या ओरडतील याची तयारी करून गेले होते, पण त्यांनी बाहुली खाली ठेवली आणि विचारलं, “म्हणजे माझं काम चांगलं होतं म्हणून मी वर नव्हते?”

यापेक्षा त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

“तसं नाही हो वहिनी,” असं काहीतरी मी पुटपुटले.

“तसंच आहे. आता काय करायचं ते सांग.”

करायचं काम सोपं होतं आणि महाकठीण. जिथे जिथे आमची लिंक होती, तिथून ती काढायला सांगायची. अनोळखी माणसाला दोन ओळींचं ईमेल पाठवता येतं. पण या तर हळदीकुंकू घेऊन गेलेल्या बायका! पहिला फोन टेंभी नाक्याच्या मसालेवाल्या काकूंना केला. पलीकडून देवीच्या मांडवातला भोंगा कानात घुसत होता, त्यावर काकू ओरडल्या, “अगं, दिलेलं वाण कोण परत घ्यायला लावतं? तुझ्या जावेला आमच्या मसाल्याचा वास यायला लागला का आता?”

मी भराभरा सर्च इंजिनचे नियम सांगायला लागले. काकूंनी फोन ठेवला.

तेव्हा जाऊबाई म्हणाल्या, “नियम कसले सांगतेस? चुकलीस ते सांग.” आणि त्या स्वतः माझ्याबरोबर टेंभी नाक्याला आल्या. देवीची ओटी भरली, मग काकूंच्या घरी. मी कबूल केलं, की कल्पना माझी, ती चुकीची आहे हे मला ठाऊक होतं, आणि मी तुम्हा सगळ्यांना त्यात ओढलं. काकू म्हणाल्या, “हे आधी बोलायचं ना गं! मला वाटलेलं, तुम्ही मोठ्या झालात.” लिंक तर त्यांनी काढलीच, वर तिन्ही ग्रुपवर व्हॉइस मेसेज टाकून सगळ्यांकडून काढून घेतली. माझं निम्मं काम त्या आवाजाने केलं. ज्या साइट्सचे मालक सापडेनात, त्यांची यादी ‘या लिंक धरू नका’ म्हणून सर्च इंजिनला वेगळी कळवली.

यादी करताना शहाडच्या एका बाईंनी जाऊबाईंच्या रुखवताबद्दल लिहिलेलं पान निघालं. भीतीने मी त्यांनाही लिंक काढायला सांगितली. त्या चिडल्याच. “मला कोणी सांगितलं नव्हतं लिहायला. माझ्या मुलीच्या लग्नात लोक जेवण सोडून रुखवत बघत उभे होते, म्हणून लिहिलं. ते मी का काढू?” फोन ठेवल्यावर मी ते पान जाऊबाईंना वाचून दाखवलं. त्यांनी दोनदा वाचायला लावलं. शहाडची लिंक राहू दिली.

मग कारवाई मागे घ्या, असा सर्च इंजिनकडे विनंतीचा अर्ज. त्यात मी ‘अनवधानाने’ असा शब्द घातला होता. जाऊबाईंनी तो खोडायला लावला. जे झालं, जिने केलं, ते सरळ लिहिलं. पहिला अर्ज नामंजूर झाला, कारण काही लिंक अजून शिल्लक होत्या. त्या काढल्या आणि परत पाठवला.

तुळशीच्या लग्नाच्या आदल्या दुपारी उत्तर आलं. कारवाई मागे घेतली होती. मी ऑफिसातच खुर्चीत मागे रेलून डोळे मिटून घेतले. खांदे इतके दुखत होते हे तेव्हा कळलं. संध्याकाळी पेढे घेऊन डोंबिवली गाठली. जाऊबाईंसमोर बसून शोधून दाखवलं. पहिल्या पानावर नव्हत्या. दुसऱ्या पानावर, खालून तिसऱ्या. माझं तोंड उतरलं.

त्यांनी चष्मा लावला, स्क्रीनवर बोट ठेवून आपलं नाव सावकाश वाचलं.

“इथे कोणी आणून बसवलंय मला?”

“कोणी नाही, वहिनी.”

“मग दे तो पेढा,” त्या म्हणाल्या. एवढ्या दिवसांत त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहिलं आणि मला रडू फुटलं.