आईचं नाव

माझा धाकटा भाऊ मनोरुग्णांच्या वॉर्डात दोनदा राहिला. दोन्ही वेळा त्याची पुढची सोय बघणारी बाई एकच होती. पन्नाशीची, बारीक आवाजाची चिनी बाई. वॉर्डातून सुटणाऱ्या पेशंटला त्याच्या भागातल्या मानसिक आरोग्य केंद्राकडे सोपवणं हे तिचं काम. आम्हा नातेवाइकांकडे वळण्याआधी ती पेशंटलाच विचारायची, "यू एट ऑलरेडी?" म्हणजे जेवलास का, आणि उत्तर मिळेपर्यंत फाईल उघडायची नाही.

पहिल्या खेपेला तिनं आमच्या भागातल्या, क्लेमेंटीच्या केंद्राला माझ्यासमोर तीनदा फोन लावला आणि त्याच आठवड्यातली वेळ मिळवली. मला ती देवमाणूस वाटली.

दुसऱ्या खेपेपर्यंत भावाची नोकरी गेली होती, त्यामुळे या देशात राहायचा पासही रद्द झाला होता. केंद्राचं नाव तिनं फॉर्मवर आधीच लिहून ठेवलं होतं. पासचं कळल्यावर तिनं ड्रॉवरमधून पट्टी काढली, त्या नावावर सरळ धरली आणि ते खोडलं.

"इंडियात कोण आहे?" तिनं इंग्रजीत विचारलं.

"आई. एकटी असते. तिला जिना उतरवत नाही."

पेन हातात धरून ती माझ्याकडे बघत राहिली. 'नोकरी सोडून मी जाते त्याच्याबरोबर,' एवढं मला म्हणता आलं असतं. तिनं पुरेसा वेळ दिला.

मग तिनं पुढच्या उपचारांच्या रकान्यात आईचं नाव लिहायला घेतलं. स्पेलिंग मी सांगितलं.