पहिल्या गिऱ्हाइकाची सही

बाहुलीकाकूंनी तीस वर्षं घराच्या पुढच्या खोलीत कापडी बाहुल्या शिवल्या, पण एकीवरही स्वतःचं नाव घातलं नाही. कोणी विचारलंच तर म्हणायच्या, "स्वयंपाकावर कोणी सही करतं का?"

सही असायची ती गिऱ्हाइकाची. ही सासूबाईंनी घालून दिलेली रीत. नवी बाहुली बेतली की तिचं चित्र एका जाड कागदावर काढायचं, आणि ती बाहुली सगळ्यात आधी जो विकत घेईल त्याची त्या चित्राखाली तारखेसकट सही घ्यायची. मग तो कागद भिंतीवर. त्या भिंतीवरच्या गिऱ्हाइकांत शेजारीण होती, शाळेतल्या बाई होत्या, एक दातांचे डॉक्टरही होते.

फुग्गीचा कागद मात्र पंचवीस वर्षं कपाटात होता. लेक पाच वर्षांची असताना रुसून कोपऱ्यात बसली होती, डावा गाल टम्म फुगवून. काकूंनी तिची समजूत काढायची सोडून तिचं चित्रच काढलं, त्यावरून बाहुली बेतली आणि नाव ठेवलं फुग्गी. पण ती बाहुली शिवून विकायला हात धजेना. लेक लग्न होऊन परदेशी गेली, तिला मुलगी झाली, तरी धजेना.

मग लेकीच्याच देशातला एक व्यापारी माल बघायला आला आणि काकू विरघळल्या. नात जिथे राहते तिथल्या दुकानात फुग्गी बसेल, एवढ्या विचारावर त्यांनी आठ दिवसांत पहिली फुग्गी शिवली. व्यापाऱ्याने ती घेतली. काकूंनी मोठ्या मानाने त्याच्यापुढे कागद आणि पेन ठेवलं. तो हसला, सही केली, कागदाचा फोटो काढला आणि गेला. पुन्हा काही त्याचं पत्र नाही.

वर्ष वाट पाहून काकूंनी स्वतःच चाळीस फुग्ग्या लेकीच्या नावावर पाठवायचं ठरवलं. पत्रव्यवहार भाऊजींकडे, म्हणजे धाकट्या दिरांकडे. माल पाठवणाऱ्या कारकुनाने त्यांना सांगितलं होतं की आधी तिकडच्या सरकारदरबारी चित्राची आपल्या नावावर नोंदणी करा, इथली तिथे चालत नाही. भाऊजींनी त्यालाच सुनावलं, "आपल्या लेकराचा जन्मदाखला परगावात कशाला काढायचा?" आणि यावर दोघं दीर-भावजय पोटभर हसले. इथली नोंदणीही केलेली नव्हती, ही गोष्ट तेव्हा कोणाच्या डोक्यातही आली नाही.

खोकं तिकडच्या बंदरात अडकलं. कागद आला: माल नकली आहे.

वकीलबाईंनी तो दोनदा वाचला. "हे चित्र त्या व्यापाऱ्याने तिकडे स्वतःच्या नावावर नोंदवलंय. त्यामुळे तुमच्या बाहुल्या ही त्याची नक्कल ठरते."

"अहो, माझ्या पोटच्या पोरीचा चेहरा आहे तो!"

"मानलं. पुरावा?"

काकूंनी पिशवीतून मूळ कागद काढून टेबलावर ठेवला. आता तोंड बंद होईल सगळ्यांचं, अशी त्यांची खात्री होती. वकीलबाईंनी कागद पाहिला, उलटवून पाहिला.

"यावर सही त्याची आहे, काकू. तारीखही. त्याने अर्जाला याचाच फोटो जोडलाय."

"ती गिऱ्हाइकाची सही आहे!"

"ते तुम्हाला ठाऊक, आता मलाही. तिकडे चित्राखाली सही असते ती चित्र काढणाऱ्याची."

काकू भाऊजींकडे बघू लागल्या आणि भाऊजी छताकडे. तीस वर्षांची रीत अशी गळ्याशी येईल असं कोणाला वाटलं होतं?

"भांडता येईल," वकीलबाई म्हणाल्या, "पण वर्षं जातील. आणि माल सोडवून घेणार म्हणून नाव तुमच्या लेकीचं आहे. हरलात तर नकली माल मागवला म्हणून तिला धरतील. नाहीतर दहा दिवसांत सही करून द्या की माल नकली आहे, जाळून टाका. मग तिच्यावर काही येणार नाही."

"त्यातली एक तरी? खोक्यात अगदी वरचीच आहे, नातीसाठी ठेवलेली. लाल फ्रॉकची."

"एकही नाही."

त्या संध्याकाळी लेकीचा फोन आला. "आई, सही करू नकोस. मी बघते काय करायचं ते."

"तू काय बघणार? तुझ्यावरच उलटेल."

"इथे दुकानात आहे त्या व्यापाऱ्याची फुग्गी. काचेत बसवलीय. तुझी नात रोज तिच्यापुढे उभी राहते. मी विकत घेणार नाही, सांगून ठेवते!"

आई झाली तरी रुसायची तऱ्हा तीच. गाल फुगला असणार, आणि डावाच, हे काकूंना न बघता कळलं. त्यांना फार रडू आलं. त्यांनी फोन ठेवून दिला.

सकाळी भाऊजींनी कागद पुढे सरकवला. वरती फुग्गीचं चित्र छापलेलं होतं, मधे दोन ओळींत "नकली" असं लिहिलेलं आणि खाली मोकळी जागा. काकूंनी पेन घेतलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा आपल्या बाहुलीच्या चित्राखाली स्वतःची सही केली.